दैनंदिन खर्चाच्या सवयी, प्रवासखर्च आणि कौटुंबिक बचत : एक विश्लेषणात्मक विवेचन

सारांश : पगारदार कुटुंबाची बचत उत्पन्नाच्या आकाराइतकीच खर्चाच्या सवयींवर अवलंबून असते. या सवयींमध्ये दररोजचा प्रवास आणि किरकोळ खरेदी हे दोन घटक असे आहेत की, त्यांची रक्कम एका दिवसापुरती नगण्य वाटते; परंतु वर्षाच्या हिशेबात ती मोठी होते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील राज्य परिवहन सेवा, रेल्वेचे पास आणि खासगी वाहने यांच्या खर्चाची तुलना महाविद्यालयीन अध्यापकाच्या कामाच्या दिवसांशी सांगड घालून केली आहे. तसेच घरखर्चातील काही सवयींचे परीक्षण करून व्यक्ती आणि संस्था या दोन्ही पातळ्यांवरील उपाय सुचविले आहेत.

बीजशब्द : कौटुंबिक बचत, प्रवासखर्च, मासिक पास, राज्य परिवहन, एकक किंमत, आवर्ती ठेव.

१. प्रस्तावना

'थेंबे थेंबे तळे साचे' आणि 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' या म्हणी मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जात आहेत. दोन्ही म्हणींचा आशय सर्वांना मान्य असतो. तथापि थेंब नेमका कोठून गळतो आणि अंथरुणाची लांबी मोजावी कशी, याविषयी म्हणी मौन पाळतात. ते काम हिशेबाचे आहे. मराठेशाहीच्या आणि पेशवाईच्या दफ्तरांत रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद यांची शिस्त आढळते. पुढे मध्यमवर्गीय कुटुंबांनीही जमाखर्चाची वही अनेक वर्षे जपली. आज वेतन थेट बँकेत जमा होते आणि खर्च भ्रमणध्वनीवरून होतो. वही मात्र बहुतेक घरांतून नाहीशी झाली आहे. परिणामी महिनाअखेरीस पैसा कमी पडला हे कळते, तो कोठे गेला हे कळत नाही.

ही बाब महाविद्यालयीन अध्यापकांना विशेषत्वाने लागू पडते. पूर्णवेळ अध्यापक आणि तासिका तत्त्वावर काम करणारे अध्यापक यांच्या उत्पन्नात मोठी तफावत असली, तरी ग्रामीण आणि निमशहरी महाविद्यालयांत दोघांचाही रस्ता सारखाच लांब असतो. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी राहून वीस ते चाळीस किलोमीटरवरील महाविद्यालयात ये-जा करणारा अध्यापक हे महाराष्ट्रातील नित्याचे चित्र आहे. पूर्णवेळ अध्यापकाच्या दृष्टीने प्रवासखर्च हा बचतीचा प्रश्न आहे. तासिका तत्त्वावरील अध्यापकाच्या दृष्टीने मात्र तो नोकरी परवडते की नाही, असा प्रश्न आहे. दोन तासिकांसाठी पन्नास किलोमीटर मोटारसायकल चालविणाऱ्याला आपल्या मानधनातील किती भाग पेट्रोलपंपावर ठेवावा लागतो, याचा विचार म्हणूनच केवळ काटकसरीच्या उपदेशापुरता मर्यादित राहत नाही.

२. लेखाची उद्दिष्टे

(१) कौटुंबिक खर्चात प्रवास व किरकोळ खरेदी यांचे स्थान स्पष्ट करणे.
(२) नित्य प्रवासाच्या विविध साधनांच्या वार्षिक खर्चाची तुलना करणे.
(३) घरखर्चातील सवयींचे अर्थशास्त्रीय विवेचन करणे.
(४) वाचलेली रक्कम प्रत्यक्ष बचतीत रूपांतरित करण्याचे मार्ग सुचविणे.

३. अभ्यासपद्धती आणि मर्यादा

लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. सवलतींचे नियम आणि अखिल भारतीय आकडेवारी दुय्यम साधनांतून घेतली आहे. खर्चाच्या तुलनेसाठी एक काल्पनिक उदाहरण मांडले असून त्यातील भाडे, इंधनाचा दर व वाहनाची सरासरी ही गृहीतके आहेत. वाचकांनी त्या जागी स्वतःचे आकडे घालून हिशेब करावा, अशी अपेक्षा आहे. निष्कर्षांची दिशा बहुतांशी तीच राहील, रक्कम बदलेल.

४. सैद्धांतिक पार्श्वभूमी

जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये असे दाखवून दिले की, कुटुंबाचे उत्पन्न वाढते तसतसा अन्नावरील खर्चाचा एकूण खर्चातील वाटा घटतो. याचा व्यत्यास असा की, वाढत्या उत्पन्नाबरोबर अन्नेतर खर्चाचा वाटा वाढतो आणि त्यात प्रवासाला महत्त्वाचे स्थान मिळते. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ च्या आपल्या ग्रंथात उपभोगप्रवृत्तीची संकल्पना मांडली. उत्पन्न वाढले की उपभोग वाढतो, परंतु उत्पन्नवाढीइतका वाढत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. जेम्स ड्यूसेनबेरी यांनी १९४९ मध्ये त्यास सामाजिक परिमाण दिले. माणसाचा उपभोग त्याच्या स्वतःच्या उत्पन्नाप्रमाणे शेजारीपाजारी व सहकारी यांच्या राहणीमानावरही ठरतो, हा त्यांचा विचार 'प्रदर्शन परिणाम' म्हणून ओळखला जातो. महाविद्यालयाच्या आवारात एका वर्षी दोन मोटारी उभ्या असतात आणि पाच वर्षांनी वीस. या बदलाचे स्पष्टीकरण केवळ वेतनवाढीने होत नाही.

वर्तनवादी अर्थशास्त्राने याच्या पुढचे पाऊल टाकले. २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे रिचर्ड थेलर यांनी 'मानसिक जमाखर्च' ही संकल्पना रूढ केली. माणूस पैशाला मनातल्या मनात वेगवेगळ्या खात्यांत टाकतो आणि एका खात्यातील काटकसर दुसऱ्या खात्यात सहज उधळतो. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारा गृहस्थ मोटारीच्या खरेदीत दहा हजारांची जादा सामग्री बिनतक्रार घेतो, याचे कारण या खात्यांत सापडते.

५. खर्चाच्या रचनेत प्रवासाचे स्थान

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने केलेल्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार भारतात दरडोई सरासरी मासिक उपभोग खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि नागरी भागात ६,९९६ रुपये होता. त्यात अन्नाचा वाटा ग्रामीण भागात सुमारे ४७ टक्के, तर नागरी भागात सुमारे ४० टक्के आढळला. अन्नाच्या गटात सर्वांत मोठा वाटा धान्याचा किंवा दुधाचा नसून पेये, अल्पोपाहार व प्रक्रियायुक्त खाद्यपदार्थांचा होता; नागरी भागात तो एकूण खर्चाच्या ११ टक्क्यांच्या आसपास होता. २०२२-२३ च्या सर्वेक्षणात वाहतुकीवरील खर्चाचा वाटा ग्रामीण भागात सुमारे साडेसात टक्के आणि नागरी भागात सुमारे साडेआठ टक्के होता. अन्नेतर खर्चात हा वाटा अग्रभागी आहे.

या आकड्यांवरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली म्हणजे, चहा-फराळ आणि प्रवास या ज्या खर्चांना आपण 'वरखर्च' म्हणतो ते प्रत्यक्षात मुख्य खर्च आहेत. दुसरी म्हणजे, ही राष्ट्रीय सरासरी आहे. दररोज लांबचा प्रवास करणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत प्रवासाचा वाटा याहून बराच अधिक असणार, हे उघड आहे.

६. नित्य प्रवासाच्या साधनांचा तुलनात्मक विचार

६.१ राज्य परिवहनाचे पास आणि अध्यापकाचे वर्ष

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. तेव्हापासून खेड्यातील शाळा, बाजार आणि दवाखाना यांना जोडणारे एसटी हे महाराष्ट्राचे मुख्य साधन राहिले आहे. एसटीच्या भाड्याची आकारणी ६ किलोमीटरच्या टप्प्यांवर होते. जानेवारी २०२५ मध्ये भाड्यात १४.९५ टक्के वाढ झाली. नित्य प्रवाशांसाठी महामंडळाच्या पास योजनेचे सूत्र असे आहे : मासिक पासासाठी २० दिवसांचे भाडे भरून ३० दिवस प्रवास करता येतो, त्रैमासिक पासासाठी ५० दिवसांचे भाडे भरून ९० दिवस प्रवास करता येतो.

या सूत्राचा नीट विचार केल्यास असे दिसते की, मासिक पास महिन्यात २० पेक्षा अधिक दिवस जाणाऱ्यालाच लाभदायक ठरतो. बारमाही कार्यालयात काम करणाऱ्याला ही अट सहज पूर्ण करता येते. अध्यापकाचे वर्ष मात्र निराळे असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निकषानुसार वर्षात किमान १८० अध्यापन दिवस अपेक्षित आहेत. परीक्षा, प्रवेश व अन्य कामे धरून उपस्थितीचे दिवस २२० च्या आसपास जातात असे मानू. हे दिवस वर्षभर सारखे पसरलेले नसतात. गणेशोत्सव, दिवाळी आणि उन्हाळी सुट्टी यांच्या महिन्यांत २० दिवस भरत नाहीत. अशा महिन्यात सवयीने काढलेला मासिक पास तोट्याचा ठरतो. त्रैमासिक पास मात्र ९० दिवसांत ५० दिवस प्रवास झाला की वसूल होतो, आणि सत्राच्या मध्यावर काढलेल्या पासात अध्यापकाचे ६५ ते ७० दिवस सहज भरतात. म्हणून पासाची तारीख वेतनाच्या तारखेशी न जुळविता शैक्षणिक दिनदर्शिकेशी जुळविणे हा पहिला व्यावहारिक नियम होय.

६.२ एक उदाहरण

अध्यापकाचे घर महाविद्यालयापासून २५ किलोमीटरवर आहे, उपस्थितीचे दिवस २२० आहेत, म्हणजे वार्षिक प्रवास ११,००० किलोमीटर आहे असे समजू. एसटीचे एका बाजूचे भाडे ५० रुपये, पेट्रोलचा दर लिटरला १०५ रुपये, मोटारसायकलची सरासरी लिटरला ५० किलोमीटर आणि मोटारीची १५ किलोमीटर धरू. देखभाल, तेल व टायर यांपोटी मोटारसायकलला किलोमीटरमागे ५० पैसे आणि मोटारीला दीड रुपया धरू.

तक्ता क्र. १ : वार्षिक प्रवासखर्च (रुपये)

| साधन | वार्षिक खर्च |
|---|---|
| एसटी : रोजचे तिकीट | २२,००० |
| एसटी : बारा मासिक पास | २४,००० |
| एसटी : नऊ मासिक पास व उरलेल्या २० दिवसांची तिकिटे | २०,००० |
| एसटी : तीन त्रैमासिक पास व उरलेल्या २० दिवसांची तिकिटे | १७,००० |
| एसटी : महिलांसाठी अर्धे तिकीट | ११,००० |
| मोटारसायकल : इंधन व देखभाल | २८,६०० |
| मोटार : एकट्याने, इंधन व देखभाल | ९३,५०० |
| मोटार : चौघांत विभागून, प्रत्येकी | २३,३७५ |

तक्त्यावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. सर्वांत आश्चर्याची बाब म्हणजे बारा महिने नियमाने मासिक पास काढणारा अध्यापक रोज तिकीट काढणाऱ्यापेक्षा २,००० रुपये अधिक खर्च करतो. सवलत ही वापरल्यासच सवलत असते. तेच पैसे तीन त्रैमासिक पासांत विभागल्यास रोजच्या तिकिटापेक्षा ५,००० रुपये वाचतात.

महिला अध्यापकांचा हिशेब वेगळा आहे. १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेखाली राज्याच्या हद्दीत एसटीच्या भाड्यात महिलांना ५० टक्के सवलत आहे. पासाची आकारणी पूर्ण भाड्यावर होत असेल, तर मासिक पासाची किंमत अर्ध्या तिकिटाच्या ४० दिवसांच्या आणि त्रैमासिक पासाची १०० दिवसांच्या भाड्याइतकी होते. एक पास ३० दिवसांचा आणि दुसरा ९० दिवसांचा असल्याने दोन्ही कधीच वसूल होणार नाहीत. येथे रोजचे तिकीट हाच स्वस्त मार्ग ठरतो. पूर्वीच्या सवयीने पास काढत राहिल्यास सवलतीचा लाभ हातचा जातो.

घरातील ज्येष्ठांच्या प्रवासाचाही विचार करावा. ६५ ते ७५ या वयोगटास अर्ध्या भाड्याची सवलत असून, २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. गावाकडील आई-वडिलांना दवाखान्यात आणण्यासाठी प्रत्येक वेळी खासगी गाडी ठरविणाऱ्या कुटुंबांनी, प्रकृतीला झेपत असल्यास, ही सोय अवश्य लक्षात घ्यावी.

६.३ खासगी वाहनाचा खरा खर्च

वाहनधारक सामान्यतः पेट्रोलचाच खर्च मोजतो. वस्तुतः वाहनाचा खर्च दोन प्रकारचा असतो. इंधन, तेल, टायर यांचा खर्च प्रत्येक किलोमीटरबरोबर वाढतो. विमा आणि घसारा यांचा बराचसा भाग वाहन उभे असले तरी लागू होतो. नव्वद हजारांची मोटारसायकल दहा वर्षांनी वीस हजारांना विकली, तर घसारा वर्षाला ७,००० रुपये होतो. त्यात विम्याचे १,५०० रुपये मिळविल्यास तक्त्यातील २८,६०० रुपये ३७,१०० वर जातात. सात लाखांची मोटार दहा वर्षांनी दोन लाखांना गेली, तर घसारा वर्षाला ५०,००० रुपये पडतो.

तथापि येथे एक काळजी घेणे आवश्यक आहे. वाहन घरात अन्य कारणांसाठी ठेवायचेच असेल, तर बसने गेल्यामुळे घसारा व विमा वाचत नाही. वाचतो तो फक्त इंधन व देखभालीचा खर्च. दुसरे वाहन घ्यावे किंवा नाही, या प्रश्नाचा निर्णय करताना मात्र पूर्ण खर्च धरला पाहिजे. बचतीचा सर्वांत मोठा टप्पा रोजच्या पेट्रोलमध्ये नसून न घेतलेल्या दुसऱ्या वाहनात असतो.

मोटार चौघांनी मिळून वापरल्यास प्रत्येकाचा खर्च मोटारसायकलपेक्षा कमी होतो, हेही तक्त्यावरून दिसते. खासगी वाहनातून भाडे आकारून प्रवासी नेणे मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणून सहकाऱ्यांनी आठवड्याआड पाळीपाळीने आपापली मोटार काढावी, पैशांची देवघेवच होऊ नये, हा सरळ मार्ग आहे.

जेथे वाहनाला पर्याय नाही तेथे चालविण्याच्या पद्धतीने इंधन वाचते. पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग, चाकांतील हवेचा योग्य दाब आणि सिग्नलवर इंजिन बंद करणे यांचा आग्रह अनेक वर्षे धरीत आली आहे. यास कोणतीही गुंतवणूक लागत नाही.

६.४ रेल्वेचे पास

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी देशातील पहिली प्रवासी गाडी धावली. आज मुंबई महानगर परिसरातील लक्षावधी नोकरदारांचे अर्थकारण उपनगरी गाडीच्या पासावर उभे आहे. रेल्वेच्या पासांत त्रैमासिक पासाचे मूल्य मासिक पासाच्या २.७ पट, सहामाहीचे ५.४ पट आणि वार्षिकाचे १०.८ पट असते. म्हणजे तीन महिन्यांचे पैसे एकदम भरल्यास दहा टक्के वाचतात. पहिल्या महिन्याचा पास तर काढावाच लागतो. जादा भरलेल्या १.७ पट रकमेवर सरासरी दीड महिन्यात ०.३ पट म्हणजे १७ टक्क्यांहून अधिक लाभ होतो. कोणतीही बँक इतका परतावा देत नाही.

सहामाही व वार्षिक पासांत मात्र सवलतीचे प्रमाण तेच राहते. चार त्रैमासिक पासांची किंमत वार्षिक पासाइतकीच होते. ज्याला दोन महिने सुट्टी आहे त्याने वर्षाचे पैसे गुंतवून ठेवण्याचे प्रयोजन नाही. तीन त्रैमासिक पासांत नऊ महिन्यांचा प्रवास ८.१ पटीत होतो आणि सुट्टीच्या काळाचे पैसे हातात राहतात.

६.५ वेळ आणि जीविताचे मूल्य

केवळ रुपयांची तुलना अपुरी होय. वरील उदाहरणात मोटारसायकलऐवजी त्रैमासिक पास घेतल्यास वर्षाला ११,६०० रुपये वाचतात. बसची वाट पाहणे व थांबे धरून जाता-येता मिळून दिवसाला एक तास अधिक लागत असेल, तर २२० तास खर्ची पडतात. म्हणजे तासाला सुमारे ५३ रुपये मिळाले. बसस्थानकापासून महाविद्यालय दोन किलोमीटर असेल आणि सामायिक रिक्षाला दोन्ही वेळचे मिळून २० रुपये लागत असतील, तर वर्षाचे ४,४०० रुपये वजा होऊन बचत ७,२०० वर येते. हे अंतर पायी चालणाऱ्याला व्यायामाचा वेगळा वेळ काढावा लागत नाही, हा भाग निराळा. बसमधील तास वाचनासाठी किंवा उद्याच्या तासिकेच्या तयारीसाठी वापरता येतो. हँडल धरलेल्या हातांना ती मुभा नसते. तरीही ज्याच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे, त्याच्यासाठी तो एक तास ५३ रुपयांहून फार मोलाचा असू शकतो. हा निर्णय ज्याचा त्याने करावयाचा आहे. तो हिशेब करून घ्यावा, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

आणखी एका खर्चाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या, त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होत्या. पावसाळ्यात खड्ड्यांच्या रस्त्यावरून पहिल्या तासिकेसाठी घाईने निघालेला अध्यापक या आकड्याच्या फार दूर नसतो.

७. घरखर्चातील सवयी

७.१ हंगाम आणि साठवण

एप्रिल-मे महिन्यांत वर्षाचे गहू, तांदूळ, डाळी, मिरची, चिंच भरून ठेवण्याची पद्धत महाराष्ट्रातील घरांत रूढ होती आणि अनेक घरांत आजही आहे. सुगीनंतर आवक मोठी असते, म्हणून भाव तुलनेने उतरलेले असतात. धान्य उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून किंवा एरंडेल चोळून ठेवल्यास ते टिकते. या पद्धतीचा लाभ तीन गोष्टींवर ठरतो : वर्षभरातील भावातील फरक, गुंतलेल्या पैशावरील व्याज आणि कीड लागून होणारी नासाडी. बचत खात्यातील पैशातून धान्य भरणे बहुधा हिताचे ठरते. उसने किंवा कर्ज काढून ते भरणे सहसा हिताचे नसते. फ्लॅटमधील अपुऱ्या जागेत बारा महिन्यांऐवजी तीन-चार महिन्यांची साठवण हा मध्यममार्ग आहे. भाजीपाल्याच्या बाबतीत आठवडी बाजार हेच काम करतो. तेथे संध्याकाळी उतरत्या भावात खरेदी करणाऱ्यास लाभ होतो, परंतु गरजेपेक्षा अधिक घेतल्यास तो लाभ कचऱ्यात जातो.

७.२ एकक किंमत

मोठे पाकीट नेहमी स्वस्त असते, हा समज सरसकट खरा नाही. काही वस्तूंच्या छोट्या पुड्या प्रतिग्रॅम किंवा प्रतिमिलिलिटर स्वस्त पडतात, तर काहींच्या महाग. किंमतीला वजनाने भागणे हा एकमेव भरवशाचा उपाय आहे. वैधमापनविषयक नियमांतील सुधारणांनंतर आवेष्टित वस्तूंवर एकक विक्री किंमत छापणे अपेक्षित आहे. ती वाचण्याची सवय मात्र अद्याप रुजलेली नाही.

७.३ देयकाची पद्धत

पैसे हातातून जाताना होणारा सूक्ष्म क्लेश खर्चाला आळा घालतो. प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, त्याच वस्तूसाठी कार्डाने पैसे देणारे लोक रोखीने देणाऱ्यांपेक्षा अधिक रक्कम मोजण्यास तयार होतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय प्रणालीने हा क्लेश आणखी बोथट केला. उपाहारगृहातील वीस-तीस रुपये दिवसातून दोनदा दिल्याची आठवणही राहत नाही. त्याच वेळी या प्रणालीने प्रत्येक व्यवहाराची तारीखवार नोंद विनासायास उपलब्ध करून दिली. आजोबांची रोजकीर्द आज भ्रमणध्वनीत आपोआप लिहिली जाते. कोणी वाचत नाही, एवढेच. महिन्यातून एकदा ती उघडून अन्न, प्रवास, शिक्षण, आरोग्य व इतर अशा पाच सदरांत खतावणी केल्यास अर्ध्या तासात गळती कळते.

क्रेडिट कार्डाची रक्कम मुदतीत पूर्ण न भरणे ही सवय सर्वांत महाग होय. अनेक कार्डांवर थकबाकीवर दरमहा तीन टक्के किंवा अधिक व्याज लागते. वर्षाला ते छत्तीस टक्क्यांच्या पुढे जाते. अशा थकबाकीपेक्षा पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थेचे कर्ज घेऊन ती फेडणे पुष्कळ स्वस्त पडते.

८. वाचलेला पैसा आणि बचत

येथपर्यंत जे मांडले ते खर्च वाचविण्याविषयी होते. खर्च वाचणे आणि बचत होणे या दोन भिन्न घटना आहेत. मोटारसायकल सोडून एसटीने जाणाऱ्या अध्यापकाचे महिन्याला सुमारे ९६० रुपये वाचतात. ते त्याच्या बचत खात्यात पडून राहिले, तर दिवाळीपर्यंत कोणत्या ना कोणत्या खरेदीत विरून जातात. म्हणून वेतन जमा होताच ही रक्कम बाजूला काढणे आवश्यक ठरते. टपाल खात्याची पाच वर्षांची आवर्ती ठेव हे त्याचे परिचित साधन आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये या ठेवीचा व्याजदर ६.७ टक्के करण्यात आला. त्या दराने दरमहा ९६० रुपये भरल्यास पाच वर्षांत ५७,६०० रुपये जमा होतात आणि हाती सुमारे ६८,५०० रुपये येतात. महाराष्ट्रात महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या प्रतिनिधी घरोघर जाऊन ही ठेव गोळा करीत आल्या आहेत. घरी येणाऱ्या त्या ताईंमुळे जी नियमितता साधली, ती केवळ निश्चयाने फार थोड्यांना साधते. आज तेच काम बँकेला दिलेली स्थायी सूचना करू शकते.

याचबरोबर काटकसरीची मर्यादाही मान्य केली पाहिजे. मानधन वेळेवर मिळत नाही आणि सुट्टीच्या महिन्यांत ते थांबते, अशा अध्यापकाला आवर्ती ठेवीचा हप्ता भरणे शक्य होत नाही. त्याने प्रथम दोन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम साध्या बचत खात्यात उभी करावी. अपुऱ्या मानधनाचा प्रश्न काटकसरीने सुटत नाही. तो मानधनानेच सुटतो. काटकसरीचा उपदेश हा न्याय्य वेतनाला पर्याय म्हणून कोणी करू नये.

९. निष्कर्ष

(१) दैनंदिन प्रवास व किरकोळ खाद्यखरेदी हे कुटुंबाचे दुय्यम नव्हे, तर मुख्य खर्च आहेत.
(२) पास ही सवलत उपस्थितीच्या दिवसांवर अवलंबून आहे. अध्यापकाला सत्रानुसार काढलेला त्रैमासिक पास सर्वाधिक लाभदायक ठरतो; बारमाही मासिक पास तोट्याचा ठरू शकतो.
(३) अर्ध्या तिकिटाची सवलत असणाऱ्या महिलांनी पासाचा हिशेब नव्याने करावा.
(४) खासगी वाहनाच्या बाबतीत मोठी बचत दुसरे वाहन न घेण्यात आणि असलेले वाहन सामायिक करण्यात आहे.
(५) वाचलेली रक्कम वेतनाच्या दिवशीच वेगळी काढली, तरच तिची बचत होते.

१०. शिफारशी व समारोप

व्यक्तीच्या सवयींइतकाच संस्थेच्या व्यवस्थेचा प्रवासखर्चावर परिणाम होतो, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. शेवटची तासिका अकरा चाळीसला संपते आणि बस साडेअकराला सुटते, असे वेळापत्रक असेल तर दहा मिनिटांच्या त्या फरकाने डझनभर अध्यापकांना व शेकडो विद्यार्थ्यांना खासगी वाहनाकडे ढकललेले असते. विद्यार्थ्यांना एसटीच्या पासात दोन तृतीयांश सवलत आहे आणि बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली विनामूल्य पास मिळतो. परंतु बसच्या वेळेला वर्ग सुटत नसेल, तर तो पास दप्तरातच राहतो. एखाद्या विद्यार्थिनीने पुढील शिक्षण सोडले, या वाक्यामागे पुष्कळदा परतीची बस चुकणे एवढेच साधे कारण असते.

म्हणून प्रत्येक महाविद्यालयाच्या वेळापत्रक समितीने सत्रारंभी आगाराचे वेळापत्रक समोर ठेवून तासिकांची रचना करावी. आगारप्रमुखांशी पत्रव्यवहार करून एखादी फेरी दहा-पंधरा मिनिटे मागेपुढे करून घ्यावी. पास वितरणासाठी महाविद्यालयातच दिवस ठरवून घ्यावा. आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या तासिका शक्यतो सलग व मोजक्या दिवसांत द्याव्यात. आठवड्यातील सहा दिवस प्रत्येकी दोन तासिकांऐवजी चार दिवस प्रत्येकी तीन तासिका दिल्या, तर कामाचे तास तेवढेच राहून त्या अध्यापकाचा प्रवासखर्च एकतृतीयांशाने घटतो. यासाठी अनुदान लागत नाही, शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. समितीच्या टेबलावर बसचे वेळापत्रक ठेवावे लागते.